नदीवर गेलेला वरवंटा

असा शेजारी कुणाच्या वाट्याला येऊ नये. पिंपरीत कारखाना नवा निघाला तेव्हा हा मावळातून आमच्या चाळीत राहायला आला. दिवसभर मशीनवर असायचा, पण बोलणं सगळं गावच्या नदीचं. तिथल्या कातळात रांजणाएवढे गोल खळगे आहेत. पुरात एखादा दगड खळग्यात अडकतो, पाण्याबरोबर गरागरा फिरतो आणि कातळ कोरत जातो. हे समजावताना तो माझ्याच चहात बोट घालून फिरवायचा.

एकदा आईच्या वरवंट्याचा टवका उडाला. "द्या हिकडं काकू. नदी घासून गोल करंल, फुकाट!" म्हणाला, आणि घेऊनही गेला. पावसाळाभर आई चाळीत वरवंटा मागत फिरली आणि बोलणी मी खाल्ली. नवा आणतो म्हटलं, तर हा म्हणायचा, "कशाला? त्यो येतोयच की."

शेवटी दिवाळीत मी त्याला ओढतच नदीवर नेलं. त्यानं खळग्यातले सगळे गोटे चाचपले, पण आमचा वरवंटा कुठला ते त्यालाच ओळखू येईना. मी भडकलो, तर हा आपला खळग्याच्या कडेवरून हात फिरवतोय.

"वरवंट्याचं काय घिऊन बसलाय राव? खळगा बघा, कसा कोरलाय!"

"आणि आईला काय सांगू?"

"कामाला लागलाय म्हनावं."

मी बाजारातून नवा वरवंटा आणला. संध्याकाळी हा आईशी गोडगोड बोलत बसला होता. नजर मात्र वरवंट्यावर होती.