बंद केलेला प्रश्न
आज एका शेळीला औषध पाजताना हाताला तिच्या अंगाचा उग्र वास लागला आणि कुंभारी गावाकडची ती बाई आठवली. तेव्हा मी सोलापुरात जनावरांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर होतो आणि शेळ्या पाळणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात प्रश्नोत्तरांचं कामही बघायचो. एका दुपारी तिथं कुणा नवख्यानं विचारलं, ‘शेळीचं पोट लई फुगलंय, काय करू?’ जुन्या सभासदांनी सुनावलं, हे शंभरदा विचारून झालंय, आधी नियम वाचा. त्यावर उत्तर आलं, ‘शेळी मरायला लागलीय आन् तुमी नियम कसले सांगताय?’ भाषा उद्धट म्हणून मी तो प्रश्न बंद केला, म्हणजे आता त्यावर कुणाला उत्तर लिहिता येणार नव्हतं, आणि जेवायला गेलो. चार दिवसांनी ती बाई एक अशक्त करडू पदराखाली धरून दवाखान्यात आली. ‘याची आई गेली,’ ती म्हणाली. कशानं, असं मी विचारलं, तर तिनं मोबाईल पुढं केला. त्यावर तोच प्रश्न होता. ‘सायेब, तितं पैल्यांदाच इचारलं मी. माजं काय चुकलं?’ प्रश्न मीच बंद केला होता, हे माझ्या तोंडून निघालं नाही. ‘काही चुकलं नाही,’ एवढंच म्हणालो. ‘मग नीट इचारायचं कसं, तेवढं शिकवा की,’ ती म्हणाली. मी तिला बाकावर बसवून शिकवलं आणि ती मान डोलवत ऐकत राहिली. आता गटात कुणी नवखा चिडून काही विचारतो, तेव्हा मी आधी उत्तर लिहितो; तिनं मात्र तिथं पुन्हा कधीच काही विचारलं नाही.