देव पाण्यात, मासा गळाला

पाच महिने आमचा पितळी गणपती पाण्यात होता. यांना अर्धांगवायूचा झटका आला, त्याच संध्याकाळी मी त्याला देव्हाऱ्यातून उचलून तांब्यात बुडवून ठेवलं. हे बोलेपर्यंत बाहेर काढायचं नाही, असा माझा हट्ट. हातपाय हळूहळू हलू लागले, पण जीभ काही वळेना. डॉक्टर म्हणायचे, वाट पाहा. मला वाट पाहणं कधी जमलंय? तेव्हा मी अडतीस वर्षांची, सदाशिव पेठेतली, म्हणजे देवालाही शिस्त लावणारी. खरं सांगायचं तर त्याच्यावरचा विश्वास उडतच चालला होता. तांब्यातलं पाणी मात्र रोज बदलत होते.

लग्नाआधी यांची नोकरी काही वर्षं कुलूकडे होती. तिथे हे ट्राउट मासे पकडायला शिकले. पिसं आणि रेशीम बांधून खोट्या माश्या करायच्या, लांब दोरीने पाण्यावर अलगद टेकवायच्या आणि मासा फसला की हसून परत सोडायचा, घर शाकाहारी! त्या नदीचं नाव निघालं तरी यांचा चेहरा उजळायचा. मी ठरवलं, यांची वाचा तिथे राहिली असेल तर तिथूनच आणायची. थंडीभर गच्चीवर यांची गळाची काठी घेऊन दोरी फेकायला शिकले. हे खुर्चीतून बघायचे, चुकलं की डावा हात झटकायचे. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय हो, कावळे हाकलायला एवढी लांब काठी?"

"कावळ्यांना नाही, शेजाऱ्यांना," मी म्हटलं.

दोन महिन्यांत मी पंधरा पावलांवरच्या पापडावर माशी टेकवू लागले. हा अभिमान मी आजही सोडलेला नाही.

मार्च लागताच आम्ही नदीवर पोचलो. डोंगरांवर बर्फ, आणि पाणी असं की बाहेर आल्यावर पायाची बोटं मोजून घ्यावीत. हे कांबळं पांघरून काठावर, शेजारी तांब्यात गणपती. मी देवाला बजावलं, "आज मासा गळाला लागला की यांनी बोलायचं. ठरलं." काय ती ऐट! सकाळभरात झुडपांत अडकवून माश्या संपवल्या. पापड एका जागी बसतो, नदी बसत नाही, हे आम्हाला पेठेत कोण सांगणार? एकच माशी उरली. तेवढ्यात पलीकडच्या काठाने लाकडाची मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. "उस पत्थर के पीछे, बेटी," म्हणाली आणि चालू लागली. पुन्हा कधी दिसली नाही.

दगडामागे माशी टेकवली. पाणी फुटलं, काठी वाकली, मासा सुसाट पळाला. मी दोरी मुठीत आवळून धरली; पाच महिने देवाला धरलं होतं त्याच हट्टाने. आणि मागून घोगरा, चिडलेला आवाज आला, "अगं, ढील! ढील दे!"

दोरी तुटली की मीच सोडली, आजही सांगता येत नाही. मासा गेला. मी गुडघाभर पाण्यात रडत उभी. "अहो, पाच महिन्यांनी तोंड उघडलंत ते मला रागवायला?"

हे वाकड्या तोंडाने हसत होते. मग तांब्याकडे बोट दाखवून, शब्द शोधत म्हणाले, "काढ त्याला. गारठला... असेल."

मी गणपती बाहेर काढून पदराने पुसला. पुढे डॉक्टर म्हणाले, वाचा अशीही परत येते. येत असेल. पण देवाने माझी अट शब्दशः पाळली होती. मासा नुसता लागायचा होता, मिळायचा नव्हता. आणि मी ओढत होते तोवर देवही काही करू शकत नव्हता, असं मला वाटतं.

त्यानंतर आम्ही सव्वीस वर्षं मनसोक्त भांडलो. एकेक भांडण मी प्रसादासारखं घेतलं. देव मात्र पुन्हा पाण्यात घातला नाही. यांच्या शेवटच्या आजारातही नाही. तेव्हा गणपती यांच्या उशाशी होता, कोरडा, लोकरीच्या टोपीत. यांचा हात माझ्या हातात होता. मी मूठ आवळली नाही. ढील दिली.