चार सामन्यांचा धीर

आमच्या गावात फुटबॉलचा प्रशिक्षक नेमायचा म्हणजे आधी फ्लेक्स लागतो. संघ मागाहून जमला तरी चालतो. मागच्या वर्षी मंडळानं माझ्या नवऱ्याला नेमलं, तेव्हा एसटीच्या थांब्यावर भलामोठा फ्लेक्स झळकला. हे शाळेत खेळाचे शिक्षक आणि शिकवणार फुकट, म्हणून ह्यांचा फोटो कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. मधोमध मंडळाचे अध्यक्ष, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल. अध्यक्ष जमिनीचे व्यवहार करतात. फुटबॉलला त्यांनी जन्मात पाय लावलेला नाही, पण त्यांचं मत मात्र पक्कं असतं.

पोरं सगळी कबड्डीतली. चेंडू दिसला की अख्खा संघ त्याच्यावर झडप घालायचा. ह्यांनी महिनाभर त्यांना नुसतं आपापली जागा धरून उभं राहायला शिकवलं. भूगावच्या स्पर्धेत चार सामने झाले, चारही हरलो. पण चौथा एकाच गोलनं हरलो, आणि त्या दिवशी हे शीळ घालत घरी आले. संघ जमायला लागलाय हे मला तेवढ्यावरूनच कळलं.

त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी अध्यक्ष कार्यकर्त्यांना घेऊन आमच्याकडे चहाला आले. टीव्हीवर इंग्लंडमधला सामना चालू होता. अध्यक्षांचा लाडका क्लब हरत होता. एक कार्यकर्ता त्या क्लबच्या प्रशिक्षकाबद्दल म्हणाला, "ह्या मॅनेजरला हाकला आता."

अध्यक्ष खवळले. "येडा का खुळा तू? टीम बांधायला टाइम लागतोय. दोन-तीन वर्षं तरी द्यायला पायजेत माणसाला. लोकान्ला धीरच न्हाई!"

मला इतकं बरं वाटलं की मी चहाबरोबर चिवडाही काढला. तो संपवून, बोटं रुमालाला पुसून अध्यक्ष ह्यांच्याकडे वळले. "सर, तुमी आता थांबावं, असं मंडळाचं म्हननं हाय."

"अहो, आत्ता तर दोन-तीन वर्षं म्हणालात!" मला राहवलं नाही.

"वहिनी, ते इंग्लंडचं येगळं. हितं लोक आमाला तोंडावर विचारत्यात, का हरला म्हनून."

दर वाढेल म्हणून माळावरचा प्लॉट दहा-दहा वर्षं धरून बसणारा हा माणूस, आणि माझ्या नवऱ्याला पाचवा सामना द्यायला त्याच्याकडे धीर नव्हता! हे मात्र "बरं" म्हणाले, वर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. तेव्हा मला अध्यक्षांपेक्षा ह्यांचाच राग आला. दुसऱ्या दिवशी ह्यांचे बूट धुऊन-पुसून खाटेखाली सरकवलेले दिसले.

शाल-श्रीफळ देऊन निरोप झाला. उतरवलेला फ्लेक्स मी मागून घेतला आणि गोठ्याच्या उघड्या बाजूला बांधला. अध्यक्षांचं तोंड नेमकं म्हशीकडे आलं. तिनं त्या दिवसापासून वैरण खायची सोडली, असं मी गावभर सांगत फिरले. खरं तर ती मजेत होती.

मग बावधनहून एक ट्रॅकसूटवाले आले. नवा फ्लेक्स, थोडे पराभव, शाल, श्रीफळ. त्यांच्यामागून अध्यक्षांचे मेहुणे आले. ते दुसऱ्या सामन्याला फिरकलेच नाहीत, त्यामुळे त्यांना शाल घरी पोचवावी लागली.

परवा अध्यक्ष पुन्हा आमच्या ओट्यावर. "सर, तुमीच या परत. पोरं सारखं तुमचंच नाव काढत्यात. आन् वहिनी, तो जुना फ्लेक्स हाय न्हवं तुमच्याकडं? त्योच लावू."

मी ह्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "येतो," म्हणाले, आणि अध्यक्षांची गाडी वळायच्या आत खाटेखाली वाकून बूट काढायला लागले. शीळ घालत त्यांच्यावरची धूळ झटकत होते.

फ्लेक्स मी स्वतः सोडवला, शेण धुऊन काढलं, नीट घडी घालून मंडळाच्या पोरांच्या हातात दिला. दोऱ्या मात्र गोठ्याच्या खांबांना तशाच बांधून ठेवल्यात.