धोंड्याच्या वाणातलं कुलूप

धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. साधारण तिसऱ्या वर्षी हा अधिकाचा महिना येतो, आणि यंदा तो भर उन्हाळ्यात आला. पाचोडला सासूबाईंनी पुरण भरलेले धोंडे आग्रहानं वाढले, ओवाळलं आणि अनारशांचं तबक माझ्या हातात दिलं. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, त्यामुळं हातात आलेली वस्तू मोजून घ्यायची सवय आहे. तेहतीस भरले. पण तबकात आणखी एक वस्तू होती. पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला स्टीलचा चपटा डबा, आणि त्याला प्रवासी बॅगेला लावतात तसलं तीन आकडी कुलूप.

“हे काय, मामी?” मी विचारलं. आमच्याकडं सासूला मामीच म्हणतात.

“कोडं हाय. रुमालापासून सुरू होतं. जावईबापू, महिना संपायच्या आत कुलूप उघडलं तर तुम्ही मागाल ते देईन. नाय उघडलं, तर मला तिकडं न्यायचा विषय पुढच्या धोंड्यापर्यंत बंद. तुम्ही बी काढायचा नाय, हिनं बी नाय.”

‘ही’ म्हणजे माझी बायको. तिचा चेहरा उतरला. सासरे गेल्यापासून दोन वर्षं ती आईला आमच्या सिडकोतल्या घरी राहायला चल म्हणत होती. ती एकुलती एक. गेल्या हिवाळ्यात मामी मोरीत घसरून पडल्या, तेव्हा शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत तिथंच बसून होत्या. तरीही त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. लेकीच्या घरी सणाला जावं, ऱ्हायला जाऊ नये.

मामी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. कोडी घालण्याचा त्यांना मुळातच नाद. बायको सांगते की लहानपणी दिवाळीचा फ्रॉकसुद्धा तिला कधी सरळ मिळाला नाही; आधी चिठ्ठी, मग चिठ्ठीतून दुसरी चिठ्ठी, शेवटी ज्वारीच्या कणगीमागं फ्रॉक. त्यामुळं कोड्याचं आम्हाला आश्चर्य वाटलं नाही. अटीचं मात्र वाटलं.

परतीच्या वाटेवर बायको तबक मांडीवर घेऊन बसली होती. वाटेतलं आडूळ मागं पडल्यावर म्हणाली, “पुढचा धोंडा म्हणजे तीन वर्षं. तोवर ती एकटी.”

“सुटेल गं,” मी म्हणालो.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर रुमाल पसरला. त्यावर तांबड्या दोऱ्यानं अक्षरं भरलेली होती. टाके इतके एकसारखे की मशीनचे वाटावेत. वरच्या ओळीत चार अक्षरं, मग पाच, सहा, सात, आणि पुन्हा उतरत सहा, पाच, चार. एकूण सदतीस. वरून वाचलं तर पहिली ओळ ‘लू कु णि आ’. खालची ‘डा घ उ प’. अर्थ शून्य.

मला तेहतीस आकडा खुणावत होता. अनारसे तेहतीस, अक्षरं सदतीस, म्हणजे चार अक्षरं फालतू, ती काढली की झालं. ती चार कोणती हे शोधण्यात दोन संध्याकाळी घालवल्या. चारही कोपरे काढून पाहिले, दोनदा आलेली अक्षरं काढून पाहिली. काहीच हाती लागलं नाही.

“अहो, अनारसे तर प्रत्येक जावयाला तेहतीसच देतात,” बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. “ते काय आईनं ठरवलंय?”

हे बरोबर होतं. मी कागद चुरगाळला.

मग तिनं डबा माझ्यापुढं सरकवला. “तीन आकड्यांचं कुलूप. एकूण नंबर किती होतील?”

“हजार. शून्य शून्य शून्यपासून नऊ नऊ नऊपर्यंत.”

“एकाला किती वेळ?”

“तीन-चार सेकंद. तासाभरात सगळे होतील.” हा हिशेब मी पहिल्याच दिवशी केला होता, तिला सांगितला नव्हता.

“मग बसा की! मी चहा ठेवते.”

“ते सोडवणं नव्हे, फोडणं झालं. त्यांनी कोडं घातलंय.”

“माझी आई तिकडं एकटी आहे आणि तुम्हाला नियम सुचतायत?”

“उघडल्यावर त्या विचारतील, कसं सोडवलं? काय सांगू? नंबर फिरवत बसलो म्हणून? आणि त्या नाही म्हणाल्या तर मग आपल्याला बोलायला जागा राहील?”

ती स्वयंपाकघरात गेली. चहा मात्र तिनं एकच कप केला, स्वतःचा.

मी पाचोडला फोन लावला. “मामी, काही मदत मिळेल का?”

“आली का शरणागती!” त्यांचा आवाज खुशीत होता. “आकडे सोडा, बापू. मी सकाळी उठून पहिलं काय करते ते हिला इचारा.”

मी फोन बाजूला धरून विचारलं. “चहा घेते,” बायको फुरंगटून म्हणाली.

“चहाच्या आधी,” फोनमधून आवाज आला.

“सडा घालते. मग रांगोळी...” बायको थांबली. रुमालाकडं पाहिलं. एकदम कपाळावर हात मारला. “सात ते चार! अहो, हे ठिपके आहेत! ठिपक्यांच्या जागी अक्षरं आहेत!”

मला ते दिसलं नसतं. आमच्या फ्लॅटच्या दाराशी छापाची रांगोळी असते, चाळणीतून पीठ झटकलं की कमळ तयार. ठिपक्यांची रांगोळी बायकोनंही शाळेनंतर काढली नव्हती. त्यामुळं ठिपके आहेत हे कळलं, पण वाचायचे कुठून, हे तिलाही सांगता येईना. वरून खाली मी आधीच वाचून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींचाच व्हिडिओ कॉल आला. आम्ही मदत मागितलीही नव्हती. त्यांनी मोबाईल तांब्याला टेकवून अंगणात ठेवला होता. पडद्यावर ओली जमीन आणि त्यांचा हात, एवढंच दिसत होतं. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. मामी डावखुऱ्या आहेत. लिहायला लहानपणी त्यांना उजव्या हाताची सवय लावली गेली, पण रांगोळी त्या अजून डाव्या हातानं घालतात. हात खाली आला आणि पहिला ठिपका मधोमध, उजव्या टोकाला पडला. तिथून डावीकडं सात ठिपके. मग त्यांच्या वर सहा, पुन्हा उजवीकडून. मग खाली सहा. मग वर पाच, खाली पाच.

“मधल्या ओळीपासून!” मी म्हणालो.

“आणि उजवीकडून डावीकडं,” बायको म्हणाली. “डाव्या हाताला तेच सोपं पडतं. माझ्या लक्षात कसं आलं नाही?”

तिनं रुमालावर बोट ठेवलं आणि वाचू लागली. मी लिहून घेत गेलो. पहिल्या सात अक्षरांतच ‘आधी ओट्याच्या’ निघालं तेव्हा तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. पूर्ण वाक्य असं होतं: आधी ओट्याच्या पायऱ्या मग दाराच्या कड्या मग अंगणातली सगळी झाडं मोजा आणि कुलूप उघडा. सदतीस अक्षरं. एकही फालतू नाही. एवढं नेमकं वाक्य जुळवायला त्यांना किती दिवस लागले असतील, असं मनात आलं.

“हे तर सोपं झालं,” बायको म्हणाली. “त्या पायऱ्यांवर मी लहानपणभर लंगडी घातलीय. पाच पायऱ्या, एक कडी, झाडं दोन, कडुलिंब आणि शेवगा.”

मी पाच, एक, दोन लावलं. कुलूप उघडलं नाही. तिनं स्वतः लावून पाहिलं. नाही. क्रम उलटा केला. नाही.

पुन्हा फोन. “मामी, तुमचं कुलूप बिघडलंय,” मी म्हणालो. बायको मागून ओरडली, “गुलमंडीच्या बाजारात कुणी तुझ्या गळ्यात मारलंय बघ!”

“कुलूप चांगलं हाय. मोजणारी बिघडली,” मामी म्हणाल्या. “बापू, हिनं खेळलेल्या पायऱ्या नकोत मला. तुम्ही परवा चढून आलात त्या सांगा.”

मी डोळे मिटले. गल्लीत गाडी लावली, तबकासाठी आणलेला नारळ डाव्या हातात होता, उजवा पाय वर ठेवला, मग डावा, आणि पुढं उंबरा. दोन. पाचातल्या तीन पायऱ्या रस्त्यानं गिळल्या होत्या. गल्लीत दरवेळी जुन्या रस्त्यावरच नवं सिमेंट ओतत गेले, तसा रस्ता वर आला आणि ओटा खाली गेला. मी दर खेपेला चढत होतो, पण मोजलं कधी नव्हतं. स्टोअर सांभाळणाऱ्याला हे शोभत नाही.

“दोन,” मी म्हणालो.

“शाब्बास. पुढचं आता हिला जमंल.”

फोन ठेवल्यावर बायको दाराच्या कडीचा विचार करत बसली. “एकच कडी आहे हो. मधली, साखळीची.” मग तिनं नकळत हात वर केला, जणू काही ओढते आहे. “थांबा. आपण निघालो तेव्हा आईनं दार कसं लावून दाखवलं होतं? तुम्ही गाडीत होतात. मी म्हटलं, आता दार लावून घे, आराम कर. तर तिनं टाचा उंचावून वरची खिट्टी लावली. मग कडी. मग कण्हत वाकली... खाली पण एक आहे. खिडकीतून दिसलं मला.”

“म्हणजे तीन.”

“बाबा होते तेव्हा एकच होती.” ती उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांडी लावल्याचा आवाज येत राहिला, आणि मी तिला हाक मारली नाही. मला एकटीला इथं काय होतंय, असं मामी आम्हाला दोन वर्षं सांगत होत्या.

आता एकच आकडा उरला होता. म्हणजे दहाच नंबर फिरवायचे. बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, तिनं सुस्कारा टाकून व्हिडिओ कॉल लावला. मामींनी मोबाईल अंगणभर फिरवला. कडुलिंब, शेवगा, आणि त्यांनी या दोन वर्षांत लावलेली कढीपत्ता, पेरू, लिंबू. कोपऱ्यात केळ.

“केळ झाडात धरायची का, मामी?” मी विचारलं. “तिचं लाकूड होत नाही.”

“तुमच्या कारखान्यात काय धरतेत?”

“आमच्याकडं केळी येत नाहीत.”

“मग वाक्यात काय लिवलंय ते बघा. ‘सगळी’ हा शब्द मी उगीच भरला व्हय? तीन अक्षरं भरताना बोट टोचलंय माझं.” आणि मग जरा हळू आवाजात, “लावा की आता लवकर.”

बायकोनं फोन उलटा ठेवला आणि माझ्याकडं वळली. “अहो, ती आपल्याला जिंकवतेय.”

हे माझ्याही लक्षात येत होतं. पहिली खूण मागावी लागली होती. त्यानंतरच्या त्यांनी जवळजवळ हातात आणून दिल्या.

दोन, तीन, सहा. कुलूप खट्ट करून उघडलं. डब्यात कापसावर एक किल्ली होती. पाचोडच्या दाराला बाहेरून लावायच्या कुलपाची दुसरी किल्ली, सासऱ्यांच्या कडदोऱ्याला असायची ती. बाकी काही नाही.

आम्ही त्याच दिवशी पाचोडला निघालो. मी कारखान्यात फोन करून रजा सांगितली. ओट्यावर मामी बसल्या होत्या, इस्त्रीचं लुगडं नेसून. शेजारीण झाडांना पाणी घालत होती. आम्हाला पाहून म्हणाली, “आलात व्हय? मावशींनी मागच्या आठवड्यातच सांगून ठेवलंय, इथून पुढं झाडं मी बघायची म्हणून.”

“तू गप गं,” मामी म्हणाल्या.

बायकोनं तोंड उघडलं, पण मामींनी हातानं तिला थांबवलं. “बापू बोलतील. शर्यत त्यांची हाय.”

तेव्हा ध्यानात आलं की दोन वर्षांत मी स्वतः त्यांना कधी चला म्हटलं नव्हतं. मायलेकींचा विषय आहे, आपण मध्ये कशाला, असं मला वाटायचं. मी दोन पायऱ्या चढलो आणि म्हणालो, “मामी, मागायचं ते मागतो. तुम्ही आमच्याकडं राहायला या. कायमच्या.”

“दिलं,” त्या म्हणाल्या. एवढंच.

“आई!” बायकोला राग आला होता की रडू, मला कळलं नाही. “यायचंच होतं तर दोन वर्षं मला का रडवलंस? सरळ हो म्हणता येत नव्हतं?”

“तू बोलावत होतीस गं. लेकीकडं आईनं ऱ्हायला जायचं म्हणजे घेणं झालं, आन् लेकीचं घ्यायचं नाय, हे माझ्या आईनं शिकवलंय. जावयानं धोंड्यात मागितलं तर ते देणं होतं. मला द्यायची सवय हाय, घ्यायची नाय.”

“आणि आम्हाला कोडं सुटलंच नसतं तर?” मी विचारलं.

“तर रोज फोन केला असता. आन् तुम्ही हजार नंबर फिरवत बसला असतात तरी मी काय बघायला येणार होते?”

बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गाडीचं दार उघडायला गेलो. मामींनी आत जाऊन एक पिशवी आणली. ती आधीच भरलेली होती. दुसरी बॅग उचलायला मला हाक मारली, आणि ती जड निघाली.

“यात काय आहे, मामी?”

“पाटा-वरवंटा. तुमच्या मिक्सरची चटणी मला चालत नाय.”

दार त्यांनी स्वतः लावलं, कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं. मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. बायको मागं बसली. आडूळपर्यंत दोघी चटणीत शेंगदाणे भाजून घालायचे की कच्चे, यावर भांडत होत्या.