गुडघेदुखीचा पार्ट

शेजारणींचे डबे स्वयंपाकघरात साठतात तसे दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये किस्से साठतात. परत करायचे राहूनच जातात. हे सगळे समोरच्या डॉक्टर यूनबाईंकडचे.

बाई कोरियाच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आल्या, पण तिकडच्या मेडिकल कॉलेजच्या मुलांना घरातून ऑनलाइन शिकवतात. पेशंट परदेशी असो, म्हातारा असो, अपंग असो, सगळ्यांना सारखंच नीट बघायचं, हा त्यांचा विषय. हे सगळं मी दारातच विचारून घेतलं. मुलांच्या सरावाला त्यांना खोटा पेशंट हवा होता, मोडकं इंग्लिश बोलणारा. म्हटलं, मग लांब कशाला जाता!

मला गुडघेदुखीचा पार्ट मिळाला.

*

पहिल्या मुलीने कुठेतरी वाचलं होतं, इंडियन बायका नवऱ्याला विचारल्याशिवाय काही करत नाहीत. तिने अदबीने विचारलं, ऑपरेशनचं मिस्टरांशी बोलू का? आमचे हे हमद पोर्टवरच्या ड्यूटीवरून नुकतेच आले होते. किचनमधून म्हणाले, "तिलाच विचारा. माझं ऑपरेशनसुद्धा तीच ठरवेल."

*

दुसऱ्याने मला शाकाहारीच धरलं. डाळी कुठल्या, पनीर किती, छान समजावलं. मग विचारलं, हातात काय आहे? मी सोलत असलेली कोलंबी कॅमेऱ्यापुढे धरली. बिचाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

*

तिसरीची वेळ संपली तेव्हा तिला माझ्या गुडघ्याचं काहीच कळलं नव्हतं. मला मात्र तिचं लग्न कुठे अडलंय ते कळलं होतं. यूनबाई म्हणाल्या, "ताई, पेशंट तुम्ही आहात."

*

आणि मग सोजुन. व्हीलचेअरवरचा, हुशार पोरगा. पण तिकडच्या वॉर्डच्या दारात पायऱ्या, म्हणून याला वॉर्डात पाठवायचं कसं, असं तिथले मोठे सर म्हणत होते. त्याची परीक्षा ते स्वतः बघणार आणि त्यावरच सगळं ठरणार. यूनबाईंनी मला सकाळीच बजावलं, मदत करायची नाही, पेशंटच राहायचं. त्यांचा चहा तसाच गार झाला.

सोजुनने दुखणं विचारलं, औषधं विचारली. मग म्हणाला, "लिफ्ट बंद पडते तेव्हा काय करता?"

हे कुणीच विचारलं नव्हतं. पार्ट विसरून खरं तेच सांगितलं, की घरातच बसून राहते.

शेवटी मोठ्या सरांनी मला विचारलं, या डॉक्टरकडे परत याल का?

"याच्याकडेच येईन, सर. पण तुमच्या दारातल्या पायऱ्या मला चढता येणार नाहीत. त्या कधी काढताय?"