सोड्याच्या वासाचं धुकं

माझी धाकटी नणंद धुलाई कारखान्यात इस्त्रीवर आहे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी. बोलायला फटकळ, म्हणून घरात आम्ही तिला तोफ म्हणतो आणि ती ओ देते. नवरा गेल्यावर, भावाच्या जिवावर बसणार नाही असं तिने मला तोंडावर सांगितलं आणि कामाला लागली. तेव्हा मला तिचा राग आला होता. आता तो मी योग्य माणसांसाठी राखून ठेवला आहे.

कारखान्याची वाट कालव्याच्या काठाने जाते. थंडीत तिथे रोज पहाटे धुकं, आणि ते काही आभाळातून पडत नाही. रात्रपाळीचं गरम पाणी पहाटे कालव्यात सोडतात. त्याची वाफ वर येते, वरची हवा गारठलेली, मग वाफेचे बारीक थेंब होतात आणि वारा नसला की तिथेच लोंबकळत राहतात. चहाच्या कपावर दिसतं तेच, कालवाभर. दुपारी सोडलं तर धुकं धरणार नाही, पण दुपारी मशीन थांबवायला मालकाचा जीव होत नाही. म्हणजे धुकं यांनी करायचं, आणि त्यातून येणाऱ्या बायकांना उशीर झाला की यांच्याच मुकादमाने फाटक लावून घ्यायचं.

बायकांनी त्यावर रीत काढली आहे. एकीमागे एक चालायचं. पहिली डब्याच्या झाकणावर चमचा वाजवते, मग तिच्या मागची, असं शेवटपर्यंत. शेवटचा चमचा वाजला नाही तर रांग हलत नाही. पहिली असते तोफ. त्यामुळे रांग तीच अडवते असं मुकादमाचं म्हणणं. पुन्हा उशीर झाला तर घरी बस, असं त्याने तिला बजावलं होतं.

त्याला चार शब्द सुनवावेत म्हणून दुसऱ्या दिवशी मीही निघाले. तोफ म्हणाली, चष्मा काढून ठेवा, नाहीतरी काही दिसणार नाही. खरंच होतं. हात लांब केला की बोटं गायब. पापण्या ओल्या, नाकात कपडे धुण्याच्या सोड्याचा वास, आणि पाणी डावीकडे वाजतंय की उजवीकडे, काही कळेना. मी तिच्या शालीचं टोक धरून चालत होते.

निम्म्या वाटेवर शेवटचा चमचा वाजलाच नाही. शेवटी होती रफूवाली, गुडघ्याने अधू. मागून कोणीतरी म्हणालं, "तू हो पुढे, तुझी नोकरी जाईल. आम्ही बघतो."

"गप्प उभ्या राहा," तोफ म्हणाली आणि मागे वळली. शालीसकट मीही.

रफूवाली कालव्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर सापडली, एक पाऊल पाण्यात. चमचा हातातून निसटून पडला होता. "मघापासून वाजवतेय की," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. वाजवत होती खरी, पण बोटांनी, आणि बोटांत लोकरीचे जाड हातमोजे.

पोचलो तर फाटक बंद. मुकादमाने शेकोटीजवळच्या खिडकीतून विचारलं, "धुकं काय तुम्हालाच असतं?"

"नाही, तुम्हीच करता ते," असं म्हणून मी त्याला वाफेपासून सगळं सांगितलं. आजी, तुम्ही इथे कामाला नाही, एवढंच त्याचं उत्तर. मग त्याने लहान दार उघडलं. बाकीच्यांनी आत यायचं, तोफेने घरी जायचं.

तोफेने डबा पिशवीत घातला. पहिला चमचा वाजला नाही, म्हणून दुसरा वाजला नाही, आणि एकही बाई जागची हलली नाही. कोणी घोषणा दिली नाही की हात जोडले नाहीत. आत गाठोडी साचत होती, हॉस्पिटलचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. शेवटी मुकादमच खेकसला, "घ्या तिलाही."

तोफेने डबा बाहेर काढला, चमचा वाजवला आणि त्याच्याकडे न बघता आत गेली.

संध्याकाळी कळलं, मोठ्या मनाने माफ केलं असं तो सांगत फिरतोय. माफ! पाणी अजून पहाटेच सोडतात. मालकाच्या दारी मी दोनदा जाऊन आले, तो भेटत नाही. तोवर रफूवालीच्या मागे मी चालते. हातमोजे न घालता.