उलट्या बाजूचा स्टॉप

सकाळी स्वयंपाकघरात नुसती धांदल चालली होती. सूनबाई एका हाताने केस विंचरत दुसऱ्या हाताने दूध उतरवत होती. चार वर्षांची नात भिंगरी एक मोजा पायात घालून दुसरा टेबलाखाली शोधत होती. आणि आक्का खुर्चीत बसून होत्या. उठल्या की सून म्हणायची, "आई, तुम्ही बसा हो. आराम करायला आलात ना?"

आराम! आपल्या गावी आक्कांनी सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली होती. शेवटच्या प्रवाशाचा दुसरा पाय अजून हवेत असतानाच त्या दोनदा घंटी मारायच्या, म्हणून डेपोतली मंडळी त्यांना 'डबलबेल आक्का' म्हणायची. निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना या परक्या देशात काही महिने राहायला आणलं. तेव्हापासून काम म्हणजे काय, तर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खालच्या बसगाड्या बघायच्या. कुठली गाडी उशिरा आली, कुठल्या ड्रायव्हरचा ब्रेक कच्चा आहे, यावर आक्का रोज शेरे मारायच्या आणि ते ऐकायला खिडकीतल्या कुंडीशिवाय कुणी नसायचं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

खालच्या मजल्यावरची शेजारीण होती. केस विस्कटलेले, खांद्यावर ओला नॅपकिन. दुपारी आपल्या मुलाबरोबर भिंगरीलाही शाळेतून आणायची ती हीच. दोघी इथल्या भाषेत भराभर बोलल्या. शेजारीण गेली आणि सूनबाई दाराला टेकून उभी राहिली.

"काय म्हणाली गं?"

"तिच्या मुलाला ताप भरलाय. दोन-चार दिवस तरी तो शाळेत जाणार नाही. आता भिंगरीला आणायला कुणीच नाही. हे गेलेत बाहेरगावी, आणि मी या नव्या नोकरीत कुठल्या तोंडाने सुट्टी मागू?"

"कुणीच नाही म्हणजे? मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे?"

"आई, तुम्हाला इथली भाषा येत नाही. रस्ते माहीत नाहीत. तुमचा फोनसुद्धा घराबाहेर पडलात की चालत नाही."

"शाळा कुठे आहे? त्या बागेच्या पलीकडे. छप्पर दिसतंय बघ इथून. छप्पर दिसत असताना जो चुकेल त्याने पांघरूण घेऊन घरातच पडावं."

सूनबाईला हसू आलं, पण काळजी काही हटली नाही. तिने शाळेत फोन करून आजी येणार असल्याचं सांगितलं, आपला बसचा जादा पास आक्कांच्या पर्समध्ये टाकला आणि निघता निघता म्हणाली, "आजच्या दिवस बघू. नाहीच जमलं तर उद्यापासून पगारी बाई ठेवते."

ती गेली, तरी 'पगारी बाई' आक्कांच्या डोक्यातून जाईना. नातीला हाताला धरून आणायला परकी बाई, आणि सख्खी आजी खिडकीत! आज काहीही करून हे काम आपल्याकडे ठेवायचंच, असं त्यांनी ठरवलं.

दुपारी त्या ऐटीत निघाल्या. बागेतून तिरप्या वाटेने शाळेच्या मागच्या दाराशी पोचल्या तेव्हा शाळा सुटायला चांगला अवकाश होता. शाळा सुटल्यावर वर्गाच्या बाईंनी भिंगरीचा हात त्यांच्या हातात दिला. आक्कांनी मान हलवली, बाईंनीही हलवली. भाषेवाचून कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते भिंगरीचं. "आजी, पाय दुखतात. बस!"

शाळेच्या पुढच्या दारासमोर मोठा रस्ता होता आणि खिडकीतून रोज दिसणाऱ्या नंबरची गाडी इथूनच जायची. आक्कांनी अंदाज घेतला. घर आपल्या उजव्या हाताला. म्हणजे रस्ता ओलांडून पलीकडे थांबायचं.

"आजी, इथे थांबायचं. आई इथे थांबते."

"आईने बस बघितलीय की मी गं? चल."

इथे वाहनं रस्त्याच्या उलट्या बाजूने चालतात, हे मुलाने त्यांना विमानतळावरच बजावलं होतं आणि आक्कांना ते तोंडपाठही होतं. पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं. जन्मभर ज्या बाजूला बस धरली त्याच बाजूला ते जाऊन उभे राहिले. गाडी आली, नंबर बरोबर होता, दोघी चढल्या.

गाडी डावीकडे निघाली.

"आजी, घर तिकडे!"

"वन-वे असणार. वळसा घेऊन येईल बघ."

गाडी वळली खरी, पण थेट नदीच्या पुलावर. पूल संपला, दुकानं संपली, मग लांबच लांब गोदामं लागली. आता मात्र आक्का धास्तावल्या. स्वतःसाठी नव्हे, त्यांचं कोण काय करणार होतं? पण मांडीवर सुनेची लेक होती आणि सून घरी फोन करून करून वेडी झाली असणार होती. शेजारचा एक प्रवासी उतरायला उठला तसं त्यांनाही वाटलं, उतरावं, कुणाला तरी विचारावं.

मग त्यांनीच स्वतःला दटावलं. चुकलेल्या किती बायकांना आपण सांगितलंय, "घाबरून मधेच उतरू नका हो. गाडी काय पळून जातेय? परत फिरणारच आहे." आज चुकलेली बाई आपण आहोत, एवढाच काय तो फरक. त्यांनी भिंगरीच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि ठाण मांडून बसल्या.

शेवटच्या स्टॉपवर गाडी रिकामी झाली. जाडजूड मिश्यांचा ड्रायव्हर पाठ मोडत उठला आणि या दोघींना बघून काहीतरी म्हणाला. आक्कांनी बोटाने गाडीचा नंबर दाखवला, मग हवेत लांबलचक रेघ ओढून ती परत मागे आणली. ड्रायव्हर डोकं खाजवायला लागला. तेव्हा भिंगरी पुढे झाली आणि इथल्या भाषेत ठसक्यात काहीतरी बोलली. ड्रायव्हर पोट धरून हसला.

"काय सांगितलंस गं त्याला?"

"सांगितलं, माझी आजी हरवली."

"हरवली? अगं, गाडी कुठे चाललीय ते मला माहीत नव्हतं, पण गाडीला तर माहीत होतं ना! याला हरवणं म्हणत नाहीत. सांग त्याला, आजी कंडक्टर होती."

भिंगरीने सांगितलं. ड्रायव्हरचं हसू थांबलं, डोळे मोठे झाले. त्याने छातीवर हात ठेवला, मग आपल्या पाठीमागच्या सीटकडे बोट दाखवून बसायची खूण केली. थर्मासच्या झाकणात गरम चहा ओतून त्याने आक्कांना दिला, भिंगरीला बिस्कीट. शब्द एकही कळत नव्हता, तरी बराच वेळ त्याच्या गप्पा चालल्या होत्या. गाडीच्या गिअरवर थाप मारून तो जे बोलला ते शिव्याच असणार, हे आक्कांनी ओळखलं आणि खो खो हसल्या. आपल्या डेपोतले ड्रायव्हरही गिअरशी असंच बोलायचे.

परतीच्या वाटेवर आक्का नुसत्या बसल्या नव्हत्या, एकेक खूण मनात टिपत होत्या. गोदामं, पाण्याची टाकी, पूल, मग शाळा. या वेळी गाडी थांबली ती शाळेच्या दारातच. भिंगरीने आजीकडे नुसतं बघितलं.

"बरं बाई, तूच शहाणी," आक्का म्हणाल्या.

घराजवळच्या स्टॉपवर सूनबाई उभी होती. कामावरून तशीच पळत आलेली, कोट उलटसुलट, डोळे लाल. तिने भिंगरीला ओढून छातीशी धरलं.

"आई, कुठे होतात तुम्ही? शाळेतून केव्हाच निघालात म्हणे! माझा जीव... मी आता पोलिसांकडे जाणार होते!"

"आजी उलट्या बाजूला थांबली," भिंगरीने चहाडी केली. "मग आम्ही खूप लांब गेलो. मग काकांनी बिस्कीट दिलं."

"खरंय ते," आक्का म्हणाल्या. "ती सांगत होती, मी ऐकलं नाही. चूक माझी. तुला ताटकळत ठेवलं, तीही माझीच. रागव हवं तेवढं."

पण कबूल करणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं? सूनबाईने नाक पुसलं. "नाही हो आई. पण उद्यापासून मी कुणालातरी..."

"थांब. आधी माझं ऐक." आक्कांनी भिंगरीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. "तो रस्ता आज मी टोकापासून टोकापर्यंत बघून आले. ती बाजू मी आता जन्मात विसरणार नाही. उद्या हिला शाळेतून मलाच आणू दे."